ऊनपावसातला मास्तर : राजा परांजपे

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या वार्षिकांकात थोरांची चरित्रे यावीत, हा आपला जुना प्रघात आहे. संत, देशभक्त, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. त्या मालिकेत एखाद्या चित्रपटनटाचे नाव पाहून काहींना नवल वाटेल. नट हा दुसऱ्याने लिहिलेले बोलतो आणि दुसऱ्याचे दुःख आपले म्हणून दाखवतो. त्याच्या आयुष्यापासून मुलांनी शिकावे ते काय, अशी शंका पालकांच्याही मनात येऊ शकेल. परंतु दुसऱ्याचे दुःख आपले मानता येणे हा गुण नटापुरता मर्यादित नाही. तो प्रत्येक घराला लागतो आणि त्याच्या अभावी घरे मोडतात. हीच गोष्ट मराठी प्रेक्षकांना हसतहसत सांगणाऱ्या आणि सांगतासांगता त्यांचे डोळे ओले करणाऱ्या एका नट-दिग्दर्शकाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. त्यांचे नाव राजा परांजपे. चित्रसृष्टीत त्यांना सारे आदराने राजाभाऊ म्हणत.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेस झाला. मिरज हे गाव तंबोरे आणि सतारी घडविणाऱ्या कारागिरांचे म्हणून हिंदुस्थानभर प्रसिद्ध आहे. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांनी याच गावी वास्तव्य केले. जवळच सांगली. तेथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाची मुहूर्तमेढ रोवली. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर गाणे आणि डोळ्यांपुढे नाटक असणे स्वाभाविकच होते. सूर थोडा चढला किंवा उतरला तर बैठक बिघडते, हे ज्या गावात कारागिराच्या पोरालाही कळते, त्या गावचा हा मुलगा होता. पुढे त्यांच्या अभिनयात जो नेमकेपणा दिसला, तो चांगला वाजविणारा तार जुळवून घेतो त्याच जातीचा होता.

रंगभूमीची ओढ त्यांना लहान वयातच लागली. १९३६ च्या सुमारास ते चित्रपटात आले. बोलपट तेव्हा बाल्यावस्थेत होता. 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट १९३२ साली प्रदर्शित झालेला. कोल्हापूर ही त्या काळी मराठी चित्रपटाची राजधानीच होती आणि तेथे भालजी पेंढारकरांसारख्या मातब्बर दिग्दर्शकांच्या सहवासात अनेक तरुण घडत होते. राजाभाऊंनीही तेथे उमेदवारी केली. चित्रपटात प्रवेश आणि स्वतंत्र दिग्दर्शन यांमध्ये त्यांची सुमारे बारा वर्षे गेली. १९४८ साली 'जिवाचा सखा' या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी केले, तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. एकदोन महिन्यांत कीर्ती मिळावी अशी घाई ज्यांना असते, त्यांनी ही बारा वर्षे ध्यानात ठेवावीत. पडद्यावर सहज वाटणाऱ्या हालचालीमागे अशी न दिसणारी वर्षे असतात.

१९५० साली 'पुढचं पाऊल' आला. त्यात हंसा वाडकर आणि पु. ल. देशपांडे यांच्या भूमिका होत्या. याच सुमारास मराठी चित्रपटाला एक भाग्यवान त्रिकूट लाभले. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखक आणि कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. हे तिघे एकत्र आले की त्यांच्या चित्रपटात मराठी घर जसेच्या तसे उभे राही. घरातली काटकसर, शेजाऱ्यांची चौकशी, म्हाताऱ्यांचे रुसवे आणि तरुणांची स्वप्ने यांपैकी कशाचीही त्यांना लाज वाटत नसे. पुढे १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, त्यातील कवी आणि संगीतकार हेच दोघे होते, एवढे सांगितले म्हणजे राजाभाऊंच्या सोबत्यांची योग्यता ध्यानी येईल.

१९५२ हे वर्ष या त्रिकुटाने गाजविले. 'लाखाची गोष्ट' या चित्रपटात श्रीमंत मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या गरीब तरुणापुढे एक लाख रुपये ठरावीक मुदतीत खर्च करून दाखविण्याची अट येते. पैसा मिळविणे अवघड, हे सारेच जाणतात. तो उडविणेही किती अवघड, हे पाहताना प्रेक्षक पोट धरधरून हसले. या चित्रपटाने राजा गोसावी यांना नायक केले, तर रेखा आणि चित्रा या दोन सख्ख्या भगिनींना मराठी घराघरांत पोचविले. त्याच वर्षीच्या 'पेडगावचे शहाणे'मध्ये राजाभाऊ स्वतः प्रमुख भूमिकेत होते. आपल्यात वेडा कोण आणि शहाणा कोण, हा अवघड प्रश्न त्यांनी विनोदाच्या वाटेने प्रेक्षकांच्या गळी उतरविला. १९५३ साली त्यांनीच या चित्रपटाचा 'चाचा चौधरी' या नावाने हिंदी अवतार काढला.

म्हणजे १९५४ साल उजाडले तेव्हा राजा परांजपे हे नाव ऐकताच प्रेक्षकांच्या ओठांवर हसू येत असे. आणि त्याच वर्षी त्यांनी 'ऊन पाऊस' हा चित्रपट आणला.

कथा साधी होती. एका शाळामास्तराचा तो संसार. मास्तर आणि त्यांची पत्नी तुटपुंज्या मिळकतीत मुलांना वाढवितात, शिकवितात, त्यांच्या पायावर उभे करतात. संसारात चणचण आहे, पण हसू आहे. वर्षे लोटतात. मुले मोठी होतात, त्यांची बिऱ्हाडे निराळी होतात. म्हातारपणी आधार शोधण्याची पाळी आईबापांवर येते, तेव्हा दोघांना एकत्र सांभाळणे कोणालाच सोयीचे वाटत नाही. ज्यांनी जन्मभर एका ताटातला घास वाटून खाल्ला, त्यांचीच शेवटी वाटणी होते. घरातली भांडीकुंडी वाटावीत तशी आई एकीकडे आणि बाप दुसरीकडे जातो. मास्तरांची भूमिका राजाभाऊंची, चित्रपटातील प्रमुख स्त्री-भूमिका सुमती गुप्ते यांची, कथा आणि गीते माडगूळकरांची आणि संगीत फडके यांचे.

आदल्याच वर्षी, १९५३ साली, आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' प्रदर्शित झाला होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. त्या चित्रपटात एक मुलगा आपल्या आईकडे पाहत होता. 'ऊन पाऊस'मध्ये मायबाप आपल्या मोठ्या झालेल्या मुलांकडे पाहत होते. पहिल्या चित्रपटातले डोळे कृतज्ञतेने भरलेले होते. दुसऱ्यातले डोळे मुलांच्या दाराकडे लागलेले होते. मला वाटते, प्रत्येक घराने हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहावेत.

आता त्या अभिनयाविषयी. मास्तरांची भूमिका करताना राजाभाऊंचे वय अवघे चव्वेचाळीस होते. या वयाच्या माणसाने वृद्धाची भूमिका करावयाची म्हणजे सामान्य नट पांढऱ्या केसांचा टोप घालतो, कमरेत वाकतो, आवाज थरथरवितो आणि काम झाले असे समजतो. म्हातारपण एवढेच असते काय? आपल्या घरातल्या आजोबांकडे नीट पाहा. ते वाकलेले असतीलच असे नाही. त्यांचे म्हातारपण निराळ्याच ठिकाणी दिसते. एखादी वस्तू मागण्यापूर्वी ते क्षणभर थांबतात. बोलावे की न बोलावे, याचा त्यांना विचार करावा लागतो. एकेकाळी ज्या घरात त्यांचा शब्द अखेरचा होता, त्या घरात ते आता चहाचा कप कोठे ठेवावा हे सुनेच्या मुद्रेवरून ठरवितात. वार्धक्याचे हे आतले रूप ज्याला दाखविता येते, तो खरा नट. राजाभाऊंची ताकद याच जागी होती. ते आवाज चढवीत नसत, भाषण करीत नसत. पडद्यावर ते काय करीत, यापेक्षा काय करण्याचे टाळीत, यात त्यांचे मोठेपण होते.

विनोदी भूमिकांत रमलेल्या माणसाला हे दुःख कसे साधले, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, ते विनोदामुळेच साधले. विनोद हा वेळ साधण्याचा खेळ आहे. शब्द एक क्षण आधी उच्चारला तर हसू उमलत नाही, एक क्षण उशिरा उच्चारला तर विरून जाते. दुःखाचेही अगदी तसेच आहे. अश्रू आधीच ढाळणारा नट प्रेक्षकांच्या वाट्याचे रडणे स्वतःच संपवून टाकतो. राजाभाऊ थांबत आणि ते थांबले की प्रेक्षकांचा कंठ दाटून येई. शिवाय लोक चित्रपटगृहात आले होते ते हसण्याच्या तयारीने. ज्या माणसाबरोबर आपण दोन वर्षांपूर्वी हसलो, तो आपल्या घरातलाच वाटतो, आणि घरातल्या माणसाचे दुःख पाहताना अंतर राखता येत नाही. चित्रपटाचे नाव म्हणूनच फार सार्थ आहे. श्रावणात ऊन आणि पाऊस एकाच वेळी पडतात, आणि कोणते कोठे संपले हे सांगता येत नाही.

याच दुःखाकडे जगातल्या इतर कलावंतांचेही लक्ष गेले होते, हे जाणून तुम्हांस कुतूहल वाटेल. १९३७ साली अमेरिकेत लिओ मॅक्केरी या दिग्दर्शकाने 'मेक वे फॉर टुमॉरो' हा चित्रपट काढला. त्यातील वृद्ध दांपत्याचे घर बँकेच्या कर्जापायी जाते आणि आई एका मुलाकडे, तर वडील दूर गावी मुलीकडे जातात. आई राहते त्या घरी पाहुणे पत्ते खेळत बसलेले असताना नवऱ्याचा टेलिफोन येतो. दूरचे बोलणे म्हणून ती मोठ्याने बोलते. पाहुण्यांना प्रथम गंमत वाटते आणि हळूहळू साऱ्या खोलीत शांतता पसरते. १९५३ साली जपानमध्ये यासुजिरो ओझू यांनी 'टोकियो स्टोरी' काढला. त्यात मुलांना भेटायला राजधानीत आलेल्या मायबापांना मुले वेळ नाही म्हणून एका उष्णोदकाच्या ठिकाणी पाठवून देतात. त्यातील पित्याची भूमिका करणारे चिशू र्यू यांनीही ऐन एकोणपन्नाशीत सत्तरीचा वृद्ध उभा केला होता. अमेरिका, जपान आणि महाराष्ट्र! भाषा निराळ्या, पोशाख निराळे, जेवणाची ताटेही निराळी. पण रिकामी झालेली म्हाताऱ्यांची खोली सगळीकडे एकसारखी.

आणि आता आपल्या भागाकडे येऊ. 'ऊन पाऊस' प्रदर्शित झाला तेव्हा बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. नकाशावरच्या रेषा बदलल्या. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, मास्तरांची ही कथा कन्नड बोलू लागली. बी. आर. पंतुलु यांनी 'ऊन पाऊस'च्या कथाबीजावर 'स्कूल मास्टर' हा कन्नड चित्रपट काढला. मराठीत जसे राजाभाऊ, तसेच येथे पंतुलु. दिग्दर्शक तेच आणि मास्तरही तेच. मास्तरांच्या पत्नीची भूमिका एम. व्ही. राजम्मा यांची होती. कन्नड चित्रपटाच्या इतिहासात या चित्रपटाचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यात पुढे पोलीस अधिकारी झालेला मास्तरांचा एक जुना विद्यार्थी संकटकाळी आपल्या गुरूच्या पाठीशी उभा राहतो. पोटच्या मुलांनी जे केले नाही, ते शाळेतल्या मुलाने केले! पुढे हीच कथा मल्याळमात गेली आणि १९७२ साली तेलुगूत 'बडि पंतुलु' या नावाने आली. तेथे मास्तर झाले एन. टी. रामाराव.

आपल्या भागात ही गोष्ट किती जवळची आहे पाहा. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या गावांतून बाजाराला गेलेला माणूस एकाच सकाळी मराठीत भाव विचारतो, कन्नडमध्ये घासाघीस करतो आणि उर्दूत हिशेब चुकता करतो. थोडे पूर्वेला गेले की तेलुगू कानावर पडू लागते. माझ्यासारख्या कोंकणी घरात वाढून मराठी शिकविणाऱ्या व्यक्तीला तर या सरमिसळीत परकेपणा कधी वाटलाच नाही. एखाद्या घरात आजीने ही कथा कन्नडमध्ये पाहिली असेल, आजोबांनी मराठीत आणि शेजारच्या कुटुंबाने तेलुगूत. तिघांनीही डोळे पुसले असतील ते एकाच प्रसंगी. भाषेवरून माणसे कधी कधी भांडतात. परंतु आईबापांची वाटणी पाहून येणारे अश्रू कोणत्या भाषेचे, हे अद्याप कोणास ठरविता आलेले नाही.

'ऊन पाऊस'नंतर राजाभाऊ थांबले नाहीत. १९५५ साली 'गंगेत घोडं न्हालं' आणि १९५६ साली 'आंधळा मागतो एक डोळा' हे चित्रपट आले. दुसऱ्या चित्रपटातून रमेश देव यांचे रुपेरी पडद्यावर नाव झाले. १९६० साली आलेला 'जगाच्या पाठीवर' हा राजाभाऊंच्या अभिनयाचा आणखी एक मानदंड होय. घर नाही, दार नाही, असा एक भाबडा माणूस जगाच्या बाजारात वणवण फिरतो आणि एका अंध मुलीला आधार देऊ पाहतो. त्या अंध मुलीची भूमिका सीमा देव यांनी केली. हा चित्रपट पाहताना चार्ली चॅप्लिन यांच्या १९३१ सालच्या 'सिटी लाइट्स'ची आठवण जाणत्यांना होते. परंतु राजाभाऊंचा भणंग माणूस अस्सल मराठी मातीतला आहे. त्याचे दुःख फडक्यांच्या चालींतून आणि माडगूळकरांच्या शब्दांतून गात गात पुढे जाते.

१९६१ साली 'सुवासिनी' आला. त्यानंतरच्या 'हा माझा मार्ग एकला' या चित्रपटातून सचिन या बालनटाने पदार्पण केले. १९६४ साली राजाभाऊंनी विनोद बाजूला ठेवून 'पाठलाग' हा रहस्यपट काढला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि काशिनाथ घाणेकर त्याचे नायक होते. याच कथेवर १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. विनोद, कौटुंबिक दुःख आणि रहस्य अशा तिन्ही वाटांनी ते चालले आणि कोणत्याही वाटेवर त्यांचे पाऊल चुकारपणाने पडले नाही. त्यांच्याबरोबर काम केलेल्या तरुणांची नावे पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. राजा गोसावी, रेखा, चित्रा, रमेश देव आणि सचिन यांपैकी कोणीही त्यांच्याकडे आले तेव्हा प्रसिद्ध नव्हते. मास्तरांची भूमिका पडद्यावर करणारा हा माणूस पडद्यामागेही मास्तरच होता. नव्या मुलांना पुढे उभे करावे आणि आपण बाजूस व्हावे, ही शिक्षकाची रीत त्यांनी चित्रपटात चालविली.

१४ डिसेंबर १९७७ रोजी माडगूळकर गेले. त्रिकुटातला एक दुवा निखळला. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, ९ फेब्रुवारी १९७९ रोजी, राजाभाऊंनीही या जगाचा निरोप घेतला. सुधीर फडके मात्र २००२ सालापर्यंत हयात होते. आज त्या तिघांपैकी कोणीही नाही.

मग उरले काय? उरला तो प्रश्न. 'ऊन पाऊस' येऊन सत्तर वर्षे उलटली. २००३ साली 'बागबान' या हिंदी चित्रपटानेही आईबापांच्या वाटणीची गोष्ट सांगितली आणि नव्या पिढीने पुन्हा डोळे पुसले. २००७ साली आपल्या देशात आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुले सांभाळीत नसतील तर आईबापांना न्यायाधिकरणाकडे जाऊन चरितार्थाची रक्कम मागता येते. कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु कायदा दरमहा पैसे देववू शकतो. संध्याकाळी दिवा लागल्यावर दोघांना एका ओसरीवर बसवू शकत नाही.

आपल्या गावांतली तरुण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबाद, पुणे, सोलापूर, बंगळूर येथे जातात. त्यांनी जावेच, त्यासाठीच तर आम्ही त्यांना शिकवितो. एक मुलगा पुण्यास, दुसरा बंगळुरास, आणि गावच्या घराला कुलूप. मग आई नातवंडे सांभाळण्यासाठी एकीकडे आणि वडील दवाखान्याच्या सोयीसाठी दुसरीकडे. कोणीही दुष्ट नसते. प्रत्येकाची अडचण खरी असते, प्रत्येक निर्णयाला चांगले कारण असते. आणि तरीही एक दिवस असा येतो की चाळीसपन्नास वर्षे एकत्र राहिलेली दोन माणसे एकमेकांची ख्यालीखुशाली टेलिफोनवरून विचारतात आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलतात. वाटणी कोणी ठरवून करीत नाही, ती सोयीसोयीने होऊन जाते. 'ऊन पाऊस'सारखी कथा आपल्याला अस्वस्थ करते, ती याचसाठी.

विद्यार्थिमित्रहो, अभिनयाची कला सर्वांना साधणार नाही, आणि साधण्याची गरजही नाही. परंतु नट भूमिकेची तयारी ज्या रीतीने करतो, ती रीत प्रत्येकाला आचरता येईल. तो आधी दुसऱ्याकडे बारकाईने पाहतो. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला सत्तरीचे मन कळले, ते पाहण्यामुळेच. तुम्ही चौदापंधरा वर्षांचे आहात. आज घरी गेल्यावर आजीआजोबांकडे, आईवडिलांकडे एकदा तसे पाहा. ते काय मागतात, यापेक्षा काय मागायचे टाळतात, तिकडे लक्ष द्या. जेवताना हात कोठे थांबतो, बोलता बोलता वाक्य कोठे अर्धे राहते, ते ऐका. राजा परांजपे यांनी जन्मभर जे शिकविले, त्याचा पहिला धडा तेथेच आहे, आणि त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही.